जोतं

चढण संपते तिथे किल्ला नाही.
आहे एक सपाट जोतं
आणि त्यावर ओळीने दगड,
खांब येतील म्हणून थांबलेले.
एकावर शाळेचं दप्तर,
एकावर अर्धा खाल्लेला भाताचा गोळा,
एकावर इत्सुकी नावाचा मुलगा.
मातीला पाय लागला की मेलास,
असा खेळ आहे त्यांचा.
इत्सुकी अजून जिवंत आहे.

पाटी म्हणते, पाच मजले होते.
मग राज्य बदललं, लिलाव झाला,
तुळया गावातल्या न्हाणीघरवाल्याने घेतल्या
आणि एक अख्खा हिवाळा
किल्ला जाळून पाणी तापवलं.
हे पाटीवर नाही. हे तोमिए आजींनी सांगितलं,
रबरी हातमोजे घालून
गिंकोच्या झाडाखाली वाकल्या वाकल्या
ती घाण वासाची फळं पिशवीत भरताना.
त्यांच्या पणजोबांनी केली होती अंघोळ त्या पाण्याने.
“कसं होतं पाणी?” मी विचारलं, माझ्या मोडक्या जपानीत.
“नेहमीइतकंच गरम होतं म्हणे.”

लढाईच्या वर्षांत इथे रताळी लावली.
नंतर एक माकड आणलं, पोरांसाठी.
माकड गेलं, पिंजरा राहिला,
आता त्यात नगरपालिकेचे खराटे असतात
गजांना टेकून, बाहेर बघत.

उत्तरेच्या तटावर
दोराला एक माणूस लोंबतोय.
मला वाटलं, डागडुजी.
तो गवत उपटत होता.
चिऱ्याचिऱ्यांमधलं, बोटभर,
मुळं फुगली तर तट फुगतो म्हणून.
कुगिमिया त्याचं नाव. गुडघ्यांना सायकलच्या टायरचे तुकडे बांधलेले.
एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला
त्याला दोन वर्षं लागतात,
तोवर पहिल्या टोकाला पुन्हा गवत.
हे सांगताना तो हसला नाही, कुरकुरलाही नाही,
ऊन पडलंय असं सांगावं तसं सांगितलं.

मग बोटाने दाखवलं:
घडीव नाही, अनघड नाही, असा एक दगड.
नीट बघितल्यावर चेहरा.
जिझो. उलटा.
डोकं खाली, पाय भिंतीच्या पोटात.
तट घाईने उठत होता, दगड पुरत नव्हते,
तेव्हा कुणाच्या तरी मेलेल्या लेकरासाठी
वाटेवर उभा केलेला हा देवही
पाथरवटांनी उचलून आणला.
वरती पाच मजले, त्यांच्यावर सोनेरी मासे,
सगळ्यांचा भार याच्या तळपायांवर.
तो भार आता गेला. हा तसाच आहे.

“इथे आलो की मीही उलटा होतो,” कुगिमिया म्हणाला.
“सरळ राहून त्याच्या कानातलं गवत काढणं
बरं दिसत नाही.”
आणि खरंच, दोर मांडीला एक वेढा देऊन
तो साठीचा माणूस
डोकं खाली करून लोंबकळला,
टोपी खंदकात पडली,
कासवं बुडाली,
आणि ते दोघे एकमेकांसमोर आले
नाकाला नाक लावून.
काहीतरी पुटपुटला. मला कळलं नाही.
त्या भाषेत माफी आणि आभार
कधीकधी एकाच शब्दात असतात,
त्यातलं कुठलं, ते विचारलं नाही.

पाच वाजता भोंग्यावर सूर वाजतो,
पोरांनी घरी जायचा.
इत्सुकीने दप्तराच्या दगडावर उडी मारली,
तिथून वाटेच्या फरशीवर,
तिथून रडक्या चेहऱ्याने मातीवर,
कारण घर त्याच बाजूला होतं.

पिंजऱ्यापाशी ताणकाटा टांगलेला.
कुगिमियाने पोतं अडकवलं, ओल्या टोपीने कपाळ पुसलं,
कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं.
मी डोकावलो. अक्षर गोल, शाळकरी.
गवत नऊ किलो चारशे.
उत्तर बाजू, खालून चौथा थर:
एक चिरा हलतो आहे.